लाल गाडीतली टुक-टक आणि एकदऱ्याची किशोरी

एकदऱ्याच्या बंदरावर उभं राहून कुणालाही विचारा, "किशोरी कुठे भेटेल?" तो तुम्हाला बोट दाखवणार नाही. म्हणेल, "थांबा, ऐकू येईल." आणि खरंच येतं. पाच-सहा बोटींच्या पलीकडून, इंजिनाच्या फटफटीवरून उडी मारून तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो. बहुतेक वेळा ती कुणाला तरी झापत असते, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा माणूस नसतं. "काल सगलं दिलं तुना, नवीन पट्टा दिला, त्याल दिलं, आनि आज परत तोंड फुगवून बसलास? जावई हायस काय माझा?" असं ती इंजिनाला विचारत असते. इंजिन काय बोलणार बिचारं. जरा वेळाने चालू होतं.

किशोरी बोटींची मशीनं दुरुस्त करते. हाताला कोपरापर्यंत काळं ग्रीस आणि केसात अबोलीचा गजरा, असा तिचा रोजचा थाट. अबोलीला कधी ग्रीसचं बोट लागलेलं मी पाहिलं नाही. आपलं काम आपल्याला येतं हे ती लपवत नाही. उलट तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते.

हे काम तिला मिळालं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिचा बाप भिकू तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. हा भिकू धोमा मासा कानाने पकडायचा. थट्टा नाही करत. धोमा पाण्याखाली बेडकासारखा डरांव-डरांव करतो, अख्खाच्या अख्खा थवा. भिकू समुद्रात एका जागी होडी थांबवायचा, सगळ्यांना गप्प करायचा, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांड्याचं टोक कानाला लावून डोळे मिटायचा. मग हाताने दिशा दाखवायचा, की तिकडे जाळं. मीही एकदा हौसेने त्याच्याबरोबर गेलो होतो. त्याने मोठ्या मानाने वल्हं माझ्या कानाला लावलं. मला माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू आली आणि ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर भिकूने मला किनाऱ्यावरच चहा पाजला, होडीत कधी घेतलं नाही.

किशोरी लहानपणापासून त्या होडीत. पुढे होडीला मशीन आलं, मशीन बिघडायला लागलं, आणि मशीनवाला मुरुडहून येईपर्यंत भरती निघून जायला लागली. तेव्हा या मुलीने बापाचं वल्हं उचललं, एक टोक मशीनला लावलं, दुसरं कानाला. "बाबा, ह्याच्या पोटात डाव्या अंगाला कायतरी सैल हाय." उघडून बघितलं तर होतं. तिथून सुरुवात. ते वल्हं पुढे पात्याशी मोडलं, पण दांडा तिने ठेवला. आजही दुकानाच्या दाराशी तो उभा असतो, तिच्यापेक्षा वीतभर उंच. कानाला लागून लागून त्याचं टोक गुळगुळीत झालंय.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो. दत्तात्रेय, आमचा दत्तू. नांदगावात माझ्या शेजारची वाडी त्याची, नारळ-पोफळीची. आम्ही दोघं एकाच शाळेत एकाच गुरुजींचा मार खाल्लेले. या दत्तूकडे एक गाडी आहे. लाल, बुटकी, दोनच माणसांची, छप्पर उघडणारी, शर्यतीच्या गाड्यांची चुलतबहीण म्हणावी अशी. काशीदच्या एका बंगल्यात ती कित्येक वर्षं पोफळीच्या झावळ्यांखाली पडून होती. मालक परदेशी गेला आणि जाताना दत्तूला, जो त्याची वाडी सांभाळायचा, म्हणाला, "काका, ही घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल." गावाला वाटलं दत्तू तिच्यात कोंबड्या पाळील. दत्तूने तिला जिवंत केलं. खार लागलेलं सगळं बदललं, दोनदा रंग काढला. आणि मग एका संकष्टीला शेजारी राहीवहिनीला बसवून, तिच्या डोक्याला रुमाल बांधून, तो साळाव-रोहा करत पालीच्या बल्लाळेश्वराला निघाला. राहीवहिनी त्याची बायको. जन्मभर एसटीच्या मागच्या सीटवर उलटीच्या भीतीने लिंबू हुंगत प्रवास केलेली बाई त्या दिवशी संध्याकाळी परत आली ती हसत. "भावोजी, वारा लागला की उलटी होतच नाही हो!" म्हणाली. त्यानंतर त्यांची संकष्टी सहसा चुकली नाही.

गेल्या मार्गशीर्षात दत्तूच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून तो उठला, चालायला लागला, डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगीही दिली. आणि शिमग्याच्या सुमारास गाडी बोलायला लागली.

टुक. आणि लगेच त्याच्या मागून, अगदी बारीक, टक.

सपाट रस्त्यावर काही नाही. घाट चढायला लागलं की टुक-टक. घाट संपून उतार लागला की पुन्हा टुक-टक. कधीकधी ब्रेक जोरात दाबला तरी. कुठून येतो ते कळेना. दत्तू म्हणे मागून, राहीवहिनी म्हणे पुढून. अलिबागच्या दोन गॅरेजवाल्यांनी गाडी उचलून खालून बघितली, हलवून बघितली, इंजिन तासभर चालू ठेवलं. उभ्या गाडीत आवाज नाहीच. त्यांनी संशयाने काही बाही बदललं. आवाज तसाच.

दत्तूचा मुलगा परेश पनवेलला असतो. मुलगा भला आहे, बापावर जीव आहे. तो एकदा शेजारी बसून काशीदचा घाट उतरला आणि खाली आल्यावर पांढराफटक पडला. "बाबा, ब्रेक मारताना आवाज येतो म्हणजे काय? उद्या उतारावर चाक निघालं तर? तुमची छाती आत्ता शिवलीय. आई शेजारी असते." परेशने पुण्याचं एक हौशी गिऱ्हाईक शोधलं. अक्षय्य तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी ते गाडी न्यायला येणार. त्याआधी आवाज सापडला तर गाडी राहील, नाहीतर जाईल, असं बापलेकांचं ठरलं. दत्तू हो म्हणाला आणि जेवताना आमटीत पाणी ओतून बसला. लक्ष कुठे होतं त्याचं.

मीच म्हटलं, "किशोरीला दाखव."

"ती बोटींची आहे रे."

"बोटीला तरी चाकं कुठे असतात? ऐकायचंय तर कानच लागणार ना?"

गेलो. किशोरीने गाडीभोवती एक फेरी मारली, अंगावर टिचकी मारली. "फायबरची हाय! दत्तूकाका, ही तर होडीच की. आजकालच्या आमच्या होड्यापन फायबरच्याच." घाटापर्यंत एक चक्कर मारून आली आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढच्या चाकाचा सांधा. बदलला की गप." सांधा बदलला. चढावर गेलो. टुक-टक.

मग काय विचारता! तिचा चुलतभाऊ रघू जाळं शिवत बसला होता, त्याला सणच मिळाला. "काय गो किशे, धोमा बोलला का सांध्यात?" कुणी म्हणालं, "वल्हं उलटं धरलं असंल." किशोरीने सगळ्यांना त्यांच्या आज्या-पणज्यांसकट उत्तर दिलं, पण तिचं तोंड उतरलं होतं. दत्तूला म्हणाली, "काका, चुकलं माझं. घाई केली मी. वल्हं घेतलंच नाय. बानं मना एक शिकवलंय, आदी गप बसायचं, मग बोलायचं. ते पहिलंच मना कवा जमत नाय. उद्या या. आनि उद्या बोलायचं नाय कुनी. मी पन नाय."

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. म्हणजे हाच दिवस उरला होता. त्या दिवशीचं दृश्य काशीदचे लोक अजून विसरलेले नाहीत. सुट्टीचा दिवस, किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची गर्दी, आणि त्या गर्दीतून जाते आहे उघड्या छपराची लाल गाडी. चालवतोय पांढऱ्या टोपीतला दत्तू. शेजारी किशोरी, डोळे मिटलेले, आणि तिच्या कानाला लागलेला वल्ह्याचा दांडा, ज्याचं खालचं टोक गाडीच्या तळाला आणि वरचं आकाशात! मागून मी मोपेडवर. नारळपाणीवाला ओरडला, "दत्तूशेठ, पेट्रोल संपलं काय, वल्हवत चाललाय?" पोरींनी फोटो काढले. एरवी किशोरीने त्याला नारळासकट सोललं असतं. पण तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. माझ्या आठवणीत किशोरी एवढा वेळ गप्प त्या एकाच दिवशी होती.

घाट चढले, घाट उतरले. वळून पुन्हा चढले. तिने दांडा कधी पायाशी ठेवला, कधी सीटच्या मागे, कधी दाराखाली. नंतर एका आंब्याखाली गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरली.

"काका, हा आवाज बसलेला नाय. हा चालतो."

"चालतो म्हणजे?"

"चढाला मागं जातो, तिकडं टुक करतो. उताराला पुढं येतो, इकडं टुक करतो. एकच गडी हाय, जागा बदलतो. तुमी म्हनता मागं, काकी म्हनते पुढं, दोघं खरं बोलतात. आनि दुसरी गोष्ट. लोखंड लोखंडावर आपटलं की दात आंबतात. माझे नाय आंबले. हा लाकडासारखा हाय."

"गाडीत लाकूड कुठंय?" दत्तू म्हणाला.

"तेच तर. आनि तो बारका टक. तो त्याच्या पोटातला हाय. म्हनजे बगा, एक कायतरी घरंगळत जाऊन आपटतं, आनि मग त्याच्या आत दुसरं कायतरी आपटतं." ती विचारात पडली. "चला बंदरावर. नाक उचलू हिचं."

होडीच्या तळात पाणी कुठून शिरतंय ते कळत नसलं, की कोळी लोक तिला उतारावर ओढून घेतात आणि पुढचं टोक माणसांनी उचलतात. आतलं पाणी मागे सरकतं आणि वाटेत कुठे झिरपतं ते दिसतं. तीच युक्ती तिने गाडीला लावायची ठरवली. बोटी ओढायच्या फरशीवर गाडी आणली. पुढच्या बाजूला खालून वल्ही घातली, वल्ह्यांवर जुनी जाळी गुंडाळली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. आणि रघूसकट सगळ्या चेष्टेखोरांना हाक मारली. "काल दात दाकवलेत ना? आज खांदे दाकवा."

एवढ्यात परेश येऊन पोचला. उद्या गिऱ्हाईक यायचं म्हणून तो आदल्या दिवशीच आला होता आणि घरी बाप नाही म्हणून आईला रिक्षात घालून थेट बंदरावर. बघतो तर बापाची गाडी आठ-दहा कोळ्यांच्या तावडीत.

"बाबा! हे काय चाललंय?"

"परेशदादा, बगत काय ऱ्हायलास?" किशोरी ओरडली. "डाव्या अंगाला मानूस कमी हाय. लाव खांदा."

आणि परेशने घड्याळ काढून आईकडे दिलं आणि लावला की खांदा! म्हटलं ना, मुलगा भला आहे. दत्तू पुढे व्हायला लागला तसं राहीवहिनीने त्याचा सदरा मागून धरला. "तुम्ही नाही. छातीला टाके आहेत." तो तिथेच उभा राहिला, एका हाताने छाती धरून, गाडीकडे बघत. उचलणाऱ्यांमध्ये कुणाचा पाय घसरला असता तर गाडीआधी दत्तूच खाली बसला असता.

"हळू! सावकाश!" किशोरी फरशीवर आडवी पडली, दांडा दाराखालच्या पट्टीला लावला, कान दांड्याला. नाक वर जायला लागलं. सगळं बंदर गप्प. आणि आम्हा सगळ्यांना, वल्ह्याशिवाय, ऐकू आलं. घर्र... असं काहीतरी घरंगळत गेलं. टुक. आणि मग टक.

"खाली घ्या." घर्र... टुक. टक.

"सापडला!" किशोरी उठून बसली. "दाराखालची ही पट्टी पोकल हाय, बांबूसारखी. तिच्यात फिरतोय हा. आता आत गेला कुठून ते बगूया."

तिने दत्तूच्या सीटमागचं आवरण काढलं. तिथे सीटबेल्टचं रीळ बसवलेलं असतं, त्याच्या बाजूला दोन बोटं आरामात जातील अशी फट होती आणि फटीतून खाली सरळ त्या पोकळ पट्टीत वाट. हात जाईना. चिमटा पोचेना. परेश म्हणाला, "पट्टी कापावी लागेल." कापायचं म्हटल्यावर दत्तूचा चेहरा बघवेना.

"कापतोस काय? आमी काय मासे दर्या कापून काडतो?" किशोरी म्हणाली आणि रघूकडे हात केला. "गल दे."

गळ आणि दोरी. पुन्हा नाक उचललं, म्हणजे तो आतला गडी मागे, फटीखाली येऊन बसला. तिने गळ आत सोडला, दोरी बोटावर धरून डोळे मिटले, जशी खाडीच्या काठावर माणसं धरतात तशी. एकदा ओढला, सुटला. दुसऱ्यांदा सुटला. रघू हळूच म्हणाला, "गलाला खाऊ लाव गो." कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला कोपर मारलं. मग दोरी ताठ झाली. सावकाश, अगदी सावकाश तिने वर घेतली आणि फटीतून बाहेर आली एक सुपारी.

सोललेली नव्हे. सालीसकट, पोफळीवरून उतरवलेली असावी तशी, वाळून तपकिरी पडलेली. सालीच्या काथ्यात गळ रुतला होता. किशोरीने ती कानाशी धरून हलवली. टक टक.

आता हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. ओली सुपारी मुकी असते. साल सुकली की आतलं फळ सुटतं आणि साल हलवली की वाजायला लागतं. वाजली की वाळली, असं आम्ही वाडीवाले जन्मभर बघत आलो. मी आणि दत्तू दोघंही! दोन महिने गाडीत तोच आवाज ऐकला आणि ओळखला नाही. गाडीत ऐकू येतंय म्हणजे गाडीचंच काहीतरी, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

पण त्या सुपारीला लाल दोरा गुंडाळलेला होता आणि एका बाजूला कुंकवाचा सुकलेला ठिपका होता. दत्तूने ती हातात घेतली, फिरवली आणि मान वर केली ती सरळ राहीवहिनीकडे.

"राही?"

वहिनीचा हात तोंडावर गेला होता. "अगोबाई! ही खाली पडली? मी तर घट्ट खोचली होती!"

"कधी?"

"तुम्हाला ऑपरेशनला नेलं त्या दिवशी पहाटे. आपल्याच वाडीतली, नुकती पिकून पडलेली. गणपती म्हणून पुजली आणि म्हटलं, त्यांना परत या गाडीत बसव, तोवर इथेच राखण कर. तुमच्या पाठीशी असावी म्हणून सीटच्या मागे खोचली."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? दसऱ्याला साधं हळदकुंकवाचं बोट लावू देत नाही तुम्ही हिला. रंग जातो म्हणता. लिंबू नको, हार नको. तेव्हा ती ओली होती, आवाज कुठे करत होती? मी विसरूनसुद्धा गेले." आणि मग जरा खालच्या आवाजात, "आवाज सापडू दे म्हणून मी त्यालाच पुन्हा नवस बोलले होते."

पहिल्यांदा रघूला हसू फुटलं, आणि त्याच्यामागून सगळ्यांना. परेश तर फरशीवर बसून हसत होता. दत्तू मात्र रागावायचं ठरवून उभा होता.

"अगं, तुझ्या ह्या राखणदाराने उद्या गाडी घालवली असती माझी!"

"घालवली का?" राहीवहिनी म्हणाली. "नाही ना? तुम्ही उठलात, गाडी आहे, परेश घरी आला. राखलंन की त्यानं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, दत्तूला कळतं कुठे थांबायचं.

परेशने मात्र शब्द तसाच पाळला. "हसलो ते ठीक, पण मी स्वतः बघणार." सुपारी किशोरीच्या हातात ठेवून त्याने गाडी काढली आणि एकटाच घाटाकडे गेला. आम्ही सगळे वाट बघत बसलो. कुणी चहा आणला, दत्तूचा तसाच गार झाला. गाडी परत आली तेव्हा परेश छप्पर उघडं टाकून, केस विस्कटून, बापासारखाच दिसत होता. तिथेच फरशीवर उभं राहून त्याने पुण्याला फोन लावला. "नाही हो, विकायची नाही. काय झालं होतं? ते... ते जरा घरातलं होतं."

राहिला प्रश्न सुपारीचा. टाकायची तर नाहीच, पुजलेली. किशोरीने जुन्या जाळ्याचा तुकडा घेतला, आत चिंधी भरली, सुपारी तिच्यात घट्ट बसवली आणि गाठ मारली, कोळ्याची गाठ, जी ओढली की आणखी आवळते. कानाशी धरून हलवली. मग दत्तूच्या कानाशी, मग परेशच्या. "आता बोलनार नाय. बसवू कुठं, काका?"

दत्तूने गाडीकडे पाहिलं, त्या दोनदा घासून लावलेल्या रंगाकडे. "समोरच बसव," तो म्हणाला. "दिसेल अशी. आणि राही, काय लावायचं ते बोट लाव एकदाचं."

लावलं. आजही आहे, स्टेअरिंगच्या उजव्या हाताला, छोटंसं लाल बोट.

किशोरीकडे आता गाड्याही येतात, पार अलिबागहून. बोटीवाले कुरकुरतात. कसलाही आवाज असो, ती आधी मालकाला बाजूला घेते आणि विचारते, "घरात कुनी नवस बोललंय काय? आटवून सांगा, नायतर फुकट खोलू." लोक हसतात. पण एकदोघांनी तिथूनच घरी फोन केलेला मी पाहिला आहे.

परवा संकष्टी होती. सकाळी मी तिच्या दुकानात बसलो होतो आणि ती एका इंजिनाचं माहेर-सासर काढत होती. मध्येच थांबली, हात वर केला. वरच्या रस्त्याच्या चढावरून लाल गाडी चालली होती, डोक्याला रुमाल बांधलेली राहीवहिनी शेजारी. किशोरीने मान तिरकी करून ती वळणाआड जाईपर्यंत ऐकलं.

"गप हाय," म्हणाली, आणि पुन्हा इंजिनावर ओरडायला लागली.